पहिला खेळ गुड्यावर

साऱ्या जगाला एका रांगेत बसवून प्रत्येकाचा नंबर नीट लावून द्यायचा झाला, तर ते काम माझ्या साडभाऊंकडे सोपवावं असं माझं प्रामाणिक मत आहे. जगानं फक्त सकाळी सहाला आंघोळ करून तयार राहावं आणि मधे मधे फ्रिज उघडू नये, एवढीच अट. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडचे लोक नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आमच्या चंद्रपुरात पुढे भाऊ जोडल्याशिवाय भागत नाही. हे गृहस्थ आधी गडचिरोलीत आणि मग चंद्रपुरात मिळून तीसेक वर्षं आरोग्य खात्यात लसींचे फ्रिज दुरुस्त करत होते. त्यांच्या लेखी फ्रिज हे यंत्र नव्हतंच, ती एक व्यक्ती होती, आणि प्रत्येकीचा स्वभाव त्यांना तोंडपाठ होता. "आलापल्लीकडचा मोठा फ्रिज मनानं चांगला आहे जी, पन लाईन गेली का त्याले राग येते. मंग दोन घंटे बोलत नाई," असं ते सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे की एखाद्या काकांविषयी चाललंय. निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्यांना शाल आणि नारळ दिला. त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला, आत पाणी किती आहे याचा अंदाज घेतला आणि मगच आभाराचं भाषण केलं. लसीच्या पेटीत ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या अशाच हलवून बघायच्या असतात. आत थोडं पाणी वाजलं की बर्फ पेटीत घालायला योग्य झाला म्हणायचं. ही सवय त्यांच्या हाताला इतकी जडली होती की त्यांनी टरबूज, थर्मास आणि एकदा आमचा लँडलाइन फोनसुद्धा असाच हलवून बघितला होता.

लस दोन ते आठ अंशांमध्ये राहिली पाहिजे, हा नियम त्यांनी घरच्या भेंडीलाही लावला होता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजला सुतळीनं एक वही बांधलेली आहे आणि तीत रोज दोन वेळा तापमान लिहिलं जातं. फ्रिज उघडायचाही दोनदाच, सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला. नऊला काढलेली कोथिंबीर रात्रीच्या वरणापर्यंत पुरवायची हे बाईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, लग्नानंतर वर्षभरात आत्मसात केलं. एकदा मे महिन्यात भर दुपारी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. चंद्रपुरातली मे महिन्यातली दुपार काय असते ते चंद्रपूरकरालाच ठाऊक. तेव्हा कावळासुद्धा सावली बघून उडतो. मी आत आल्या आल्या थंड पाणी मागितलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं घड्याळाकडे. "पाच वाजू द्या ना जी," साडभाऊ म्हणाले, "आता उघडला तर पार थकून जाईन तो." मला त्यांनी माठातलं पाणी दिलं. ते चांगलं गार होतं हे मी कबूल करतो, पण तेव्हा कबूल केलं नाही.

दुसरा नाद सावलीचा. बाहेर पडताना काळी छत्री सदैव बगलेत, आणि ती स्वतःसाठी कधीच नाही. भाजी घेऊन येताना ती टोमॅटोवर. नोकरीत असताना जीपमधली पुढची सीट लसीच्या पेटीला दिलेली असे आणि डॉक्टरसाहेब मागे, उन्हाच्या बाजूला. एका नव्या डॉक्टरांनी तक्रार केली तेव्हा साडभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमाले ऊन लागलं तर तुमी बोलता साहेब. लस बोलत नाई." डॉक्टर तरुण होते आणि भले होते. ते निमूट मागे जाऊन बसले.

पण त्यांचा खरा धर्म म्हणजे रांग. रांगेत घुसणारा माणूस दिसला की हा एरवीचा गाईसारखा गरीब गृहस्थ असा काही खवळतो की समोरच्यानं हात टेकावेत. पोस्टात, राशन दुकानात, बसस्टँडवर त्यांनी लोकांचे नंबर लावून दिले आहेत, आणि पुष्कळदा ते स्वतः त्या रांगेत नव्हतेच. माझ्या मुलीच्या लग्नात मी त्यांच्यावर पंगतीची जबाबदारी टाकली, ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक. त्यांनी वाढप्यांना पंगतीच्या टोकाकडून सुरुवात करायला लावली. "बुंदी नेहमी शेवटच्यापाशी येऊन सरते. आज शेवटच्याले पह्यले," असा त्यांचा हुकूम. टोकाला मांडववाले, वाजंत्रीवाले आणि त्यांची मुलं. पंगतीच्या तोंडाशी माझे व्याही. व्याही रिकाम्या पत्रावळीकडे बघत पंधरा मिनिटं बसून होते. मुलगी नांदायला गेली तिथे अजून अधूनमधून हा विषय निघतो.

तर अशा या माणसाकडे वर्षभरापूर्वी पुण्याहून एक मॅडम आल्या. तिशी-पस्तिशीच्या, चटपटीत, पाठीवर मोठी सॅक. त्या व्हीआरची फिल्म बनवत होत्या. म्हणजे असं, की कॅमेरा एका काठीवर उभा करायचा, त्याला पुढेही डोळे आणि मागेही. तो चहूबाजूचं सगळं टिपतो. मग बघणाऱ्यानं डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवायचा की तो थेट त्या जागी जाऊन बसतो. मान वळवावी तिकडचं दिसतं. नमुना म्हणून मॅडमनी मला समुद्राची फिल्म दाखवली. मी साडभाऊंच्या सोफ्यावर बसलो होतो हे मला माहीत असूनही लाट आल्यावर मी पाय वर घेतले आणि तिपाईवरचा चहा बाईंच्या नव्या गालिच्यावर सांडला. त्यानंतर त्या घरात मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळतो. मॅडमचं म्हणणं साधं होतं. मोठ्या साथीत श्रीमंत देशांनी आपल्या माणसांना पुरून उरेल एवढी लस आधीच अडवून ठेवली आणि बाकीचं जग ताटकळत राहिलं. पुढच्या साथीत वाटप सारखं व्हावं म्हणून देशोदेशीच्या बड्या लोकांची एक बैठक भरणार होती. "त्या लोकांना आकडे पाठ आहेत काका," मॅडम म्हणाल्या, "वाट बघणं माहीत नाही. ते मला त्यांना चष्म्यातून दाखवायचंय." डोंगरातल्या वाटा ठाऊक असलेला माणूस म्हणून कुणीतरी त्यांना साडभाऊंचं नाव सांगितलं होतं.

मॅडमच्या डोक्यात जंगल होतं, ढोल होते आणि कमरेइतक्या पाण्यातून पेटी डोक्यावर घेऊन नाला ओलांडणारी सिस्टर होती. साडभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाल्याचं काय पाह्यता मॅडम? नाला तर आमी दर आठवड्याले ओलांडतो. त्यात मोठं काऊन वाटून राह्यलं तुमाले? दाखवाचंच आहे तर लस नाई आली ते दाखवा." मग त्यांनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. साथीच्या त्या उन्हाळ्यात जिवतीच्या डोंगरावरच्या एका गुड्यात, म्हणजे वीसेक घरांच्या वस्तीत, लस येणार असा निरोप गेला होता. लोक पहाटेपासून मोहाच्या झाडाखाली ओळीनं बसले. आणि सरकारकडून लस आलीच नाही. कुणी ते सांगायला जाईना, म्हणून फ्रिजवाले असूनही साडभाऊ सिस्टरांना घेऊन रिकामी पेटी घेऊन गेले. लोकांचा विश्वास बसेना म्हणून त्यांनी पेटी उघडून सगळ्यांना दाखवली. ओळीत पुढेच सोमीबाई नावाची म्हातारी आणि तिचा म्हातारा बसला होता. त्यांना ते म्हणाले, "पुढच्या बुधवारी आनतो, मी सोता आनतो." तो बुधवार गेला, आणखी कितीतरी बुधवार गेले, तेंदूपत्त्याचा हंगाम झाला, पेरण्या झाल्या, तेव्हा कुठे लस आली. साडभाऊ पेटी घेऊन चढून गेले तर लोक त्याच ओळीत, त्याच क्रमानं बसलेले. फक्त सोमीबाईच्या शेजारी माणसाएवढी जागा मोकळी होती आणि तिथे एक दगड ठेवला होता. त्या गुड्यात रांगेतून कुणी उठून गेलं तर त्याच्या जागी दगड ठेवतात. मग ती जागा कोणी घेत नाही. म्हातारा पावसाच्या तोंडावर वारला होता. त्या रोगानं की वयानं, हे कोणी तपासलं नाही. साडभाऊ एवढं सांगून थांबले आणि फ्रिजकडे गेले. दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी फ्रिज उघडला, आत बघितलं आणि काहीही न काढता बंद केला.

मार्चअखेरीस आम्ही निघालो. आम्ही म्हणजे साडभाऊ, मॅडम, त्यांचे कॅमेरावाले आणि मी. कारण गाडी माझी होती आणि माझी दुपारची झोप ही कुणाच्या खिजगणतीत नव्हती. राजुरा, गडचांदूर करत घाट चढून गुड्यावर पोचलो. पाटलांनी बाज टाकली, जोहार झाला, पाणी झालं. मॅडमनी फिल्मचं समजावून सांगितलं. सगळे ऐकत होते. शेवटी सोमीबाईनं विचारलं, पण मॅडमना नाही, साडभाऊंना. "भाऊ, लस साऱ्या दुनियेले भेटली अन् मंग आमाले भेटली. ही फिल्म बी तशीच का? आमचे तोंडं सारे पाह्यतीन, अन् आमी शेवटी?" साडभाऊंचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग ते म्हणाले, "नाई बाई. पह्यला खेळ इथी. मंग दुनियेले." "बुधवारी का?" तिनं विचारलं. सगळे हसले, तीही हसली; साडभाऊ मात्र हसले नाहीत.

शूटिंगची कथा वेगळीच. कॅमेरा चहूकडे बघत असल्यामुळे ज्यांना चित्रात यायचं नाही त्यांना लपावं लागतं. मॅडम आणि कॅमेरावाले मोहाच्या बुंध्यामागे, मी गाडीत. पेटी उघडायची वेळ येईपर्यंत साडभाऊंनाही लपायला सांगितलं होतं. पण पहिल्याच तासात उन्हानं कॅमेरा इतका तापला की बंद पडला, आणि तिथून पुढे त्यांना कुणी आवरू शकलं नाही. त्यांनी त्याच्या डोक्यावर छत्री धरली ती धरलीच. "साधा टोमॅटो उन्हात ठेवत नाई मी, अन् हा तर पुण्याहून आला आहे." मॅडमनी नाना परीनं समजावलं, शेवटी नाद सोडला. त्यामुळे त्या फिल्ममध्ये कुठेही मान वळवा, वर काळी छत्री आहे आणि बाजूला घामेजलेले साडभाऊ अटेन्शनमध्ये उभे आहेत.

कॅमेरा ठेवायचा कुठे यावर जरा घोळ झाला. त्या दिवसासारखीच ओळ बसली होती आणि सोमीबाईशेजारी जागा मोकळी होती. मॅडमना काही ठाऊक नव्हतं असं नाही, म्हणून त्या तिथे पाऊल ठेवेनात. तेव्हा म्हातारीनंच तिथला दगड उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाली, "इथी बसवा त्याले." कॅमेरा बसला. आरोग्य केंद्रातून बोलावलेली तीच सिस्टर त्या दिवसासारखी ओळीनं नावं लिहीत निघाली. ती बिचारी वर्षानुवर्षं हेच करत आलेली. हाताला सवय, जिभेला सवय. सोमीबाईचं नाव लिहून ती पुढे सरकली आणि वर न बघताच काठीवरच्या कॅमेऱ्याला म्हणाली, "नाव सांगा जी." सगळी ओळ खो खो हसायला लागली. सिस्टरनं जीभ चावली. एकटी सोमीबाई हसली नाही. तिनं सहज सांगितलं, "लिव ना. आमच्या बुढ्याचं लिव." हसणं थांबलं. सिस्टरनं खाली मान घालून नाव लिहिलं. मग साडभाऊंनी एका हातानं छत्री सांभाळत दुसऱ्या हातानं पेटी उघडली, आणि ती रिकामी होती.

फिल्म तयार झाली अकरा मिनिटांची. आणि इथे घोडं पेंड खायला लागलं. मॅडमच्या संस्थेचा नियम असा की बैठकीत दाखवण्याआधी ती कुठेही दाखवायची नाही. मॅडम फोनवर खरोखर दिलगीर होत्या. बैठक झाली की लगेच चष्मे घेऊन येते म्हणाल्या. साडभाऊंनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारलं की आपल्या परवानगीच्या कागदावर सही बाकी आहे ना. होती, गुड्यातल्या सगळ्यांनी सह्या-अंगठे दिले होते, एकटे साडभाऊ राहिले होते. "मंग असं करा मॅडम, सही मी गुड्यावर करन. पह्यला खेळ झाल्यावर. नाई तर मले काढून टाका फिल्ममधून." त्यांना काढायचं म्हणजे छत्री काढायची, पेटी काढायची, सगळी फिल्मच काढायची. मी बाजूलाच होतो. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "साडभाऊ, अहो बैठकच हुकली तर? साऱ्या जगाचं काम अडवताय तुम्ही." ते म्हणाले, "जगाचं माहीत नाई जी मले. त्या बुढीले मी दुसऱ्यांदा खोटा पडलो तर मले तो डोंगर चढता येनार नाई." त्या संध्याकाळी त्यांनी फ्रिजच्या वहीत तापमान लिहिलं नाही, असं बाईंनी माझ्या बायकोला सांगितलं; अशी रिकामी ओळ त्या वहीत पहिलीच.

आठवड्यानं मॅडम स्वतः आल्या, दोन चष्मे घेऊन. संस्थेत त्या काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही पुन्हा घाट चढलो. वार कुठला होता हे मी मुद्दाम सांगत नाही, वाचकाला ते कळलंच असेल.

पहिला चष्मा सोमीबाईनं घातला. मॅडमनी पट्टा आवळला, पदर नीट केला. म्हातारी जमिनीवर मांडी घालून बसली होती. आधी ती समोर बघत राहिली, मग वर बघून म्हणाली, "छत्री आहे," आणि हसली. मग तिनं डावीकडे मान वळवली आणि तिथेच थांबली. कॅमेरा म्हाताऱ्याच्या जागी होता. त्या जागेवरून डावीकडे बघितलं की शेजारी बसून समोर बघणारी ती स्वतः दिसत होती. बाकी फिल्मभर तिनं मान वळवलीच नाही. सिस्टर आली, नाव विचारून गेली, पेटी उघडली, सगळं समोर झालं, आणि म्हातारी आपली डावीकडेच बघत होती. संपल्यावर चष्मा काढून तिनं डोळे पुसले आणि साडभाऊंना म्हणाली, "पाय ना भाऊ. बुढा एवढा बाजूले बसून, अन् मी त्याच्याकडं पाहूनच नाई राह्यली." असं म्हणून ती हसली. मग चष्मा पुन्हा पुढे करत म्हणाली, "आनखी एकडाव दाखव." तिनं ती तीन वेळा पाहिली. मागे सारा गुडा खोळंबला होता, पण कुणी चुळबुळ केली नाही, आणि साडभाऊंनीही तिला उठ म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी फिल्म बघितली. पोरांनी छत्रीवाल्या भाऊंची नक्कल केली. मग साडभाऊंनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, इतकी ठासून की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

पुढे फिल्म परदेशात गेली, बैठकीत दाखवली गेली. मॅडमचा फोन आला तेव्हा मी साडभाऊंच्या ओसरीत बसलो होतो. त्यांनी सांगितलं की सुटाबुटातल्या माणसांना जमिनीवर बसवून फिल्म दाखवली, पुष्कळांचे डोळे ओले झाले, टाळ्या झाल्या. वाटपाच्या करारावर मात्र बोलणी अजून चालूच आहेत. साडभाऊंनी हे सगळं 'हो जी, हो जी' करत ऐकलं. मग विचारलं, "मॅडम, डावीकडं किती जनायनं पाह्यलं?"

स्पीकरवर मॅडमचा आवाज आला. "फार थोड्यांनी, काका. बाकी सगळे समोर पेटीकडेच बघत होते."

"त्याहिचं काई चुकलं नाई," साडभाऊ म्हणाले. "त्या दिवशी मी बी पेटीकडंच पाहून राह्यलो होतो. तो बुढा मायासमोर बसून होता, अन् त्याचं तोंड मले आता आठोत नाई."

फोन ठेवून ते उगाच अंगणाकडे बघत बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं या माणसाकडे मी बहुतेक हसण्यापुरतंच पाहत आलो, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. ते त्यांना सांगावं असं मनात होतं, पण आम्हा साडवांमध्ये असं काही बोलायची रीत नाही. मी आपला चहा येईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिलो.